डुकरं, साबण आणि सिनेमा

ऑकनशॉ, ४ मार्च १९७४

चि. क्लिफर्ड यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. फक्त माझं डोकं भडकलंय. पॅलेस थिएटर गावाचं झालं हे तुला कळवलंच होतं. तुझ्या थिएटरवाल्या पेनरोझ कंपनीने वर्षानुवर्षं कुलपात कुजवलेली ती इमारत आम्ही मासे-चिप्सच्या तिकीट लावलेल्या पंगती घालून, पैसा जमवून विकत घेतली. खुर्च्यांखालचा च्युइंगगम आम्ही बायकांनी सुऱ्यांनी खरवडला. लष्करी छावणीतला जुना प्रोजेक्टर मिळवला. मॅनेजर म्हणून जन्मभर त्या दारात काळा सूट घालून उभे राहिलेले आपले बाबा पहिल्या खेळासाठी सुटाला इस्त्री करून बसले.

आणि काल कळलं, की तिथे सिनेमा दाखवायलाच बंदी आहे! खरेदीखत वाचताना वकील एन्टविसलसाहेब भराभर म्हणून गेले होते, की या जागेत डुकरं पाळू नयेत, साबण उकळू नये, सिनेमा दाखवू नये. आपल्याकडच्या प्रत्येक खतात असली पणजोबांच्या काळची कलमं असतात, कोण मनावर घेतं? आम्ही हसलो. पण डुकरं आणि साबण जुने आहेत. सिनेमाचं कलम तुमच्या कंपनीने विकताना घुसवलंय. तू कंपनीच्या इमारत खात्यातच बसतोस ना? मग सांग, ही काय भानगड आहे?

लोभ आहेच; वाढायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर.

तुझी,
हेटी

लंडन, ८ मार्च १९७४

ती. हेटीताई हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हातात धरवेना इतकं तापलेलं होतं. भानगड काही नाही, ताई. विकलेल्या प्रत्येक थिएटरला आम्ही ही अट घालतो, धंद्याची रीतच आहे. नाहीतर कुणीही उपटसुंभ आमचंच थिएटर घेईल आणि आमच्याच पुढच्या गावातल्या थिएटरचं गिऱ्हाईक पळवेल. तुमच्या शेजारी आमचं हॉल्डनचं थिएटर आहे.

आणि पेनरोझला इतक्या शिव्या घालू नकोस. चौतीस साली कंपनीने गावातली तीन लहान थिएटरं घेऊन बंद पाडली, तेव्हा कुठे तुमचा पॅलेस चालला. त्या तिन्हींना कुलपं बाबांनीच लावली होती. तेव्हा आपल्या घरात कुणी रडलं नाही, आपल्याला नवे बूट मात्र आले.

तुम्ही आपली आकड्यांची हाऊजी सुरू करा, शनिवारी कुस्त्या ठेवा. हल्ली सगळीकडे तेच चालतं. बाबांना नमस्कार.

रागात आशीर्वाद कापू नयेत, ही विनंती.

तुझा,
क्लिफर्ड

ऑकनशॉ, १५ मार्च १९७४

चि. क्लिफर्ड यास,
आशीर्वाद, कापून उरलेले.

अरे शहाण्या, हॉल्डनचं थिएटर तुम्हीच गेल्या वर्षी बंद केलंत! तिथे आता गालिचे विकतात. तो कागद तुझ्याच टेबलावरून गेला असेल. मग तुमची अट राखतेय कुणाला? गालिच्यांना? बसने दोन गावं ओलांडली तरी पडदा दिसत नाही. संध्याकाळी पोरं बसथांब्यावर एकमेकांना बुकलत बसतात.

तुझं पत्र जेवताना बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी काटा खाली ठेवला. म्हणाले, की पोरगा खोटं बोलत नाही, ते तीन मालक मरेपर्यंत बाजारात माझ्याकडे पाठ फिरवून उभे राहायचे. मग म्हणाले, की त्या कुलपांच्या बदल्यात गावाला निदान मोठा पडदा मिळाला. या कुलपाने कुणाला काय मिळतंय ते क्लिफर्डला विचार.

तर विचारतेय. वर जा, आणि ही अट उठवून आण. पुन्हा हाऊजीचं नाव काढलंस तर याद राख.

हेटी

लंडन, २७ मार्च १९७४

ती. हेटीताई हिस,
सा. न. वि. वि.

वर जाऊन आलो. साहेब म्हणाले, एकाला सोडलं तर उद्या पन्नास गावं रांग लावतील. मी म्हटलं, हॉल्डन तर बंद आहे. त्यावर म्हणाले, की असू दे, कलम आहे ते आहे. मला शरम वाटली, ताई. तरी मान डोलावून बाहेर आलो. पदरात दोन मुलं आहेत.

कृपा करून सिनेमा दाखवू नका. दाखवलात तर कोर्टाची नोटीस निघेल, आणि उत्तरेकडच्या सगळ्या नोटिसांवर माझीच सही असते. ती पाळी माझ्यावर आणू नकोस, पाया पडतो.

तुझ्या लोभाला अजून पात्र असेन तर,
क्लिफर्ड

ऑकनशॉ, १ एप्रिल १९७४

चि. क्लिफर्ड यास,
आशीर्वाद.

काल सभा झाली. एन्टविसलसाहेबांनी घसा फोडून सांगितलं, की सिनेमा दाखवलात तर कोर्टकचेरी होईल, कदाचित थिएटरही हातचं जाईल. मी विचारलं, दाखवायचा म्हणणाऱ्यांनी हात वर करा. एन्टविसलसाहेबांनीसुद्धा केला. या शनिवारी खेळ आहे. तिकिटं संपली.

तू सही कर. तुला पोरं आहेत, नोकरी आहे, मला कळतं; त्याचा राग मी गिळीन. पण बंद पाकीट पोस्टात टाकून तू लंडनला शांत जेवायला बसशील, ते मी गिळणार नाही. नोटीस स्वतः घेऊन ये. दारात बाबा उभे असतील. त्यांच्या हातात दे.

इतकी वर्षं केलेली माया परत मागत नाही. पुढची मात्र समोरासमोर ठरेल.

तुझी बहीण,
हेटी