बिनधुराच्या चुलीचा उलटा निकाल

देवपूर, धुळे
१२ फेब्रुवारी १९८८

ती. नानाकाकांस,

प्रमिलाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? धरणगावची थंडी ओसरली असेल. इथे पांझरा नदीवरून अजून वारा येतो आणि माझ्या खोलीची खिडकी लागत नाही. काकूंनी पाठवलेली शेव मिळाली (मला डबा मिळाला, शेव मैत्रिणींना मिळाली).

तुम्ही विचारलंत, संशोधन कुठवर आलं. अगदी वेशीपर्यंत आलं होतं, नाना! बिनधुराच्या चुलीने बायकांचा खोकला कमी होतो का, हा माझा विषय. दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात चाळीस घरं घेतली, चिठ्ठ्या टाकल्या, निम्म्या घरांत नवी चूल बसवली, निम्म्यांत जुनीच ठेवली. (सरपंचांच्या वाट्याला जुनी आली. त्यानंतर मला तिथे चहा मिळालेला नाही.) आमचे संख्याशास्त्राचे चुडामण सर मी निघण्याआधी म्हणाले होते, "आकडे आल्यावर काय करायचं ते आधी लिहून ठेवा." मी म्हटलं, "दोन सरासऱ्या काढायच्या नि त्यांतला फरक खरा की योगायोगाचा ते टी-टेस्टने बघायचं, त्यात लिहायचं काय सर?" एम.एस्सी.ला पहिली आलेली मुलगी असंच बोलते.

दिवाळीपासून दोन महिने मोजमाप केलं आणि निकाल आला तो असा की जुन्या चुलीवाल्या बायकाच कमी खोकतात! मी पुन्हा बेरीज केली, कॅल्क्युलेटरचे सेल बदलले, शेवटी एस.टी. धरून गाव गाठलं. जुन्या गटातल्या भिकुबाईंकडे जाते तो चूल थंडगार, तिच्यावर मांजर निजलेलं. "मन्ही चूलले सुट्टी शे," त्या म्हणाल्या. "भाकरी मी पुष्पाबाईकडे करस. आमी बठ्ठ्या तठेच जातस." सगळ्याजणी जातात त्या पुष्पाबाईंकडे नवी चूल. तिच्यावर आता अख्ख्या गल्लीच्या भाकरी. धुराडं काजळीने तुंबलेलं, बाकीच्या आपापल्या भाकरी घेऊन घरी जातात आणि पुष्पाबाई मात्र पहाटेपासून जाळासमोर, खोकत खोकत सगळ्यांची सरबराई करताहेत. (मला पाहून त्यांनी माझीही एक भाकरी टाकली. मी खाल्ली. छान होती.)

इतर गल्ल्यांतही हेच दिसलं. परत आल्यावर मी हिशेबातून घरं गाळायला बसले. गर्दीची घरं गाळली की नवी चूल जिंकते. पाहुण्या बायका गाळल्या की बरोबरी होते. काहीच गाळलं नाही तर जुनी जिंकते. नाना, तेव्हा मात्र मला भीती वाटली. यातलं हवं ते उत्तर उचलून प्रबंधात घातलं असतं तरी कोणाला कळलं नसतं. आणि चूक सांगितली तर पीएच.डी.ची नोंदणीच रद्द होईल, असं मनात येत होतं.

तरी मी चर्चासत्रात तिन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली आणि भिकुबाईंची हकीगतही सांगितली. सगळा हॉल हसला. चुडामण सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही घरं वाटलीत, बायका कुठे वाटल्यात? पुढच्या वेळी गल्ल्यांच्या चिठ्ठ्या टाका. एका गल्लीत सगळ्या नव्या, दुसरीत सगळ्या जुन्या." आमच्या गाइड सोनवणे मॅडमनी तिन्ही उत्तरं वहीत उतरवून घेतली. मग म्हणाल्या, "एकच उत्तर आणलं असतंस तर घरी पाठवलं असतं. पुन्हा कर."

आता शेजारचं गाव घेते आहे. कोणाची तुलना कोणाशी, खोकला कोणता मोजायचा, शेजारीण भाकरी करायला आली तर तिला कुठे धरायचं, सगळं आधीच लिहून सरांना दाखवलं. पूर्वीइतका आत्मविश्वास राहिलेला नाही, पण झोप लागते.

काकूंना नमस्कार, छोट्यांना खूप पापे.

तुमची पुतणी,
प्रमिला

ता.क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. गेल्या आठवड्यात बाबा येऊन गेले. वैशाखात माझं लग्न उरकायचं म्हणतात. ते फक्त तुमचं ऐकतात. संशोधनाला अजून एक वर्ष लागेल, असं त्यांना ठामपणे सांगा.

ता.ता.क. एकच वर्ष म्हणा, दोन म्हणू नका. बाबा मुलाचा फोटो इथे ठेवून गेलेत. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये हे आता मला चांगलं कळतं. पण नमुना बरा आहे.