दार तू आपटलंस

दादा,

खोल्या भाड्याने द्यायच्या म्हटल्यावर तू ओरडला होतास, "पणजोबांच्या घराची धर्मशाळा करशील!" केली. दिवाणखान्यात चित्रकार बसतो. तसबिरीतल्या पणजोबांच्या मिशीला निळा रंग लागलाय. तुझ्या खोलीत एक ध्यानवाल्या बाई लोकांची मनं शांत करतात.

त्या दिवशी तू त्या खोलीचं दार धाडकन आपटून गेलास, तेव्हापासून ते पूर्ण लावलं की अडकतं. खाली लाथ आणि वर खांदा एकदम दिला, तरच उघडतं. हे बाईंना सांगायचं राहूनच गेलं. मंगळवारी एक बँक मॅनेजर आत अडकले. बाई बाहेर गेलेल्या, मी बाजारात. दोन तासांनी मी लाथ घातली, तर गृहस्थ डोळे पुसत बाहेर आले. म्हटलं, आता पोलीस येणार! तर म्हणाले, "ताई, वीस वर्षांत इतकं शांत वाटलं नव्हतं. अर्धा तास बोंबललो, मग कंटाळून गप्प बसलो."

आता प्रत्येकाला दार अडकवूनच हवंय. लाथा मारून माझा गुडघा गेला. तुझ्या रागाने परकी माणसं बरी होतायत, आणि तू अजून धुमसतोयस.

सुतार म्हणाला, रंधा मारला की झालं. मी त्याला वाटेला लावलं. आपटलंस तू, नीटही तूच कर.

आधीच्या तीन पत्रांसारखं हेही तुझ्याच टेबलाच्या खणात ठेवतेय. वाचायला यावं लागेल.

तुझी,
धर्मशाळेची मालकीण