शाळा भरण्याआधीची तपासणी

२ डिसेंबर
नलू शिकवते त्या शाळेतून आमच्या फ्लाइंग क्लबकडे तक्रारअर्ज आलाय. पहिली सही तिचीच, माझ्या बायकोची! उड्डाणाआधी मी धावपट्टीच्या टोकाला विमानाचं इंजिन जोरात चालवून तपासतो, तेव्हा कुंपणापलीकडची पहिलीची पोरं कान दाबून रडतात. खरंय. पण न तपासता वर कसं पाठवू?

३ डिसेंबर
जेवताना नलूनेच तोड काढली. तपासणी शाळा भरायच्या आधी, स. ९ ला उरकायची. नंतर टोकाला थांबून जोर द्यायचा नाही, सरळ उडायचं. क्लबच्या साहेबांना पटलं. "मेकॅनिकने बाईंना गप्प केलं!" म्हणे. गाढव.

१७ डिसेंबर
दोन आठवडे तक्रार नाही. पोरांनी डबाभर चिकू पाठवले.

१९ डिसें.
आपली शिकाऊ, तलासरीची पूर्वा, आज एकटीच उडणार होती. पट्टीवर गुरं शिरली म्हणून वीस मिनिटं मंद इंजिनावर थांबली. अशाने प्लगवर काजळी धरते, इंजिन अडखळतं. मला, मेकॅनिकला, कळायला नको? पुन्हा तपासायला हवं होतं. पण शाळा भरलेली. हात केला, जा.
विमान शाळेच्या पत्र्यांवरून जाताना इंजिन खोकायला लागलं. पोरीने कसंबसं वाणगावच्या बाजूला, कापणी झालेल्या शेतात उतरवलं. पाय मोडला. वाचली. नलू मैदानात पोरं मोजत होती, परत परत.

२० डिसें.
साहेबांनी कागद पुढे केला. "लिही, टोकाला तपासायचं पूर्वाला सांगितलेलं, तिने केलं नाही." सही केली तर माझी नोकरी राहते, तिचं उडणं संपतं. उद्या देतो म्हटलं. भेकड साला मी.

२१ डिसें.
डहाणूला दवाखान्यात गेलो. पूर्वाची आई म्हणाली, "दादा, तुम्ही बघितलेलं ना इंजिन?" पूर्वाच मधे बोलली, "काकांनी बघितलेलं गं. माझंच काहीतरी चुकलं." पळालो तिथून. बस स्टँडवर रडलो, लोक बघत होते.

२२ डिसें., संध्या.
चौकशीवाले उद्या येणार. नलूला सगळं सांगून टाकलं. साहेबांचा कागद तिने फाडला, शाळेच्या वहीतलं पान दिलं. "खरं लिहा. तोड माझी होती, माझंही नाव घाला."
मी म्हटलं, अगं, पोरांच्या आया तुला गावात उभं राहू देतील का?
माझ्यापुरतं लिहून झालंय. तिचं नाव लिहायला पेन उचलत नाही. नलू समोर बसलीय, उठतच नाहीये.