रस्सा मंडळातली जळकी वाळू

बाई, तुमच्या स्वयंपाकघरात बसून संस्कृतच्या विभक्ती घोकणारा मुलगा आर्किटेक्ट झाला, एवढं तुम्ही पाहिलंत. तो शहर सुधारायला निघाला, हे तुमच्या माघारी. हसू नका.

आपल्या लोखंड ओतणाऱ्या फाउंड्र्यांतल्या साच्यांची वाळू जळते आणि ओढ्याकाठी तिचे ढीग पडतात. तिचे फरशीचे ब्लॉक होतात, हे तपासून झालंय. म्हणून मी डॉक्टर, वकील, कारखानदार अशांना राजारामपुरीतल्या एका हॉलात जमवलं. प्रत्येकानं आपली ओळख करून दिली. ओळखी संपल्या तेव्हा चहाही संपला होता, आणि वाळूचं नाव कुणी काढलं नव्हतं. एकमेकांची कार्डं घेऊन मंडळी घरी गेली.

मला तुमची पावट्याच्या शेंगांची परात आठवली. मी ताठ बसून अडखळतोय, तुम्ही परात पुढे सरकवता. "आधी ह्या सोल. हात गुंतले की जीभ सुटते." आणि खरंच, चतुर्थी घरंगळत बाहेर येते.

पुढची बैठक मग शेतात ठेवली, रस्सा मंडळ म्हणून: चुलीवर मटण, आणि येईल त्याला काम. (तुम्ही कांदासुद्धा वर्ज्य मानायचात, तेव्हा पांढऱ्या रश्श्याचं वर्णन गाळतो.) वकिलाला खोबरं वाटायला बसवलं. ओढ्याजवळ दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाईंना कांदे दिले, फाउंड्रीच्या मालकाला लसूण. दोघं एकाच सतरंजीवर.

"मालक, तुमची वाळू माझ्या दवाखान्यात येते. पोरांच्या खोकल्यातनं."

"मग टाकू कुठं? डोक्यावर? तुमी जागा दावा की!"

"ह्यांना द्या," म्हणत डॉक्टरीणबाईंनी सुरी माझ्याकडे रोखली. शिवाजी पेठेतल्या एका शाळेच्या अंगणात फरशी घालायचं काम माझ्याकडे आहे. मी मान डोलावली. सुरीपुढे दुसरं काय करणार?

मालक लसूण सोलत राहिला. मग म्हणाला, "सोमवारची गाडी ब्लॉकवाल्याकडं. ओढ्याला न्हाय. पर ब्लॉक फुटला, तर तुमालाच वाळूत पुरीन, पावणं."

एवढ्या सुंदर शब्दांत मला आजवर कुणी होकार दिला नव्हता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून उरलेलंही सांगतो. सोमवारी सकाळी मी गुपचूप ओढ्यावर गेलो. माणसाच्या शब्दावर विश्वास आहे, बाई, तरी गेलो. ढिगावर नवी वाळू नव्हती. पुलावर डॉक्टरीणबाई स्कूटर लावून उभ्या होत्या. फिरायला आलो, असं आम्ही दोघांनीही एकमेकांना सांगितलं.