मोठी टाकी आणि तिचा संप

सगळ्यात आधी आला तो वायरमन, वन्सं, आणि तोही चहाचं आधण ठेवायच्या आत. त्याच्या मागोमाग मासेवाली आली. दारातच चपला काढत म्हणाली, "आधी जागा दाखवा, चहाचं मग बघू." मला अशी माणसं आवडतात. (तीर्थरूप वन्संच्या पाया पडते, हे खरं तर वर लिहायचं असतं, पण पेन उचललं ते वायरमनवरच टेकलं. तुमची कंबर कशी आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? मांजरीला पिल्लं झाली असतील तर यंदा कुठे घातली ते कळवा, मागच्या खेपेला तुमच्या शालींच्या कप्प्यात घातली होती. इकडे आम्ही सगळे खुशाल. मी तर जरा जास्तच.)

मासेवाली म्हणजे खायचे मासे विकणारी नव्हे, पाळायचे. पहिल्यांदा तिचा फोन आला तेव्हा मला कुठे ठाऊक. मी विचारलं, साफ करून देता का? ती म्हणाली, देते की, घरी येऊन करते. मी म्हटलं, तुकडे मोठे ठेवा. तेव्हा कुठे ती म्हणाली, अहो आजी, मी टाकी साफ करते.

तर तुमच्या नातीचे ते दोन नारिंगी मासे, पांढऱ्या पट्ट्यांचे, मोठे झालेत. समुद्रातले आहेत, त्यांना खारं पाणी लागतं, आणि ते घरी कालवावं लागतं. त्याचं मीठ वेगळं, बादलीतून येतं. (आपल्या डब्यातलं चालत नाही. मी एकदा मूठभर घेऊन उभी होते, पोरीने वेळेवर हात धरला.) टाकीत एक फूल आहे. दिसायला फूल, पण आहे जनावर, कोळंबी भरवली तर मिटक्या मारत खातं. ते मासे त्या फुलाच्या कुशीत झोपतात. मादी थोरली, नवरा चिमुकला, ती पुढे आणि हा मागे. मासेवाली म्हणाली, बायको गेली की ह्यांच्यात नवराच बायको होतो. त्यावर सुनेने माझ्या मुलाकडे असं काही पाहिलं की तो उठून पाणी प्यायला गेला. आता ते फूल इतकं फोफावलंय की लहान टाकीत मासे वळताना एकमेकांना धडकतात. मोठी टाकी तरी घ्या, नाहीतर मला परत द्या, असं मासेवालीने पोरीला बजावलं होतं.

परत देणं कुणालाच जमणार नव्हतं, वन्सं. आपली पोर घुमी, तुम्हांला माहीत आहे. कामावरून येते, जेवते, खोलीत जाते, विचाराल तेवढ्याचं उत्तर. पण हॉलमधल्या टाकीपुढे वेताचा मोडा घेऊन बसली की हिचं तोंड सुटतं. साहेब काय बोलला, डब्यातली भाजी कुणी पळवली, सगळं माशांना सांगते. मी शेजारी बसलेली असते, म्हणून आपोआप माझ्याही पदरात पडतं. मासे गेले तर हे सांगायचं कुणाला? माझ्या तोंडाकडे बघून ती थोडीच बोलणार आहे.

तरी बापाचं आपलं चाललेलं, मोठी टाकी म्हणजे घरात समुद्र आणायचा का, विजेचं काय, फरशीचं काय. एके संध्याकाळी जेवताना पोर म्हणाली, "बाबा, मोठ्या टाकीला संप हवाच. संपाशिवाय काही होणार नाही." एवढं बोलून ती हात धुवायला गेली. माझा घास हातातच राहिला. आजोबांवर गेली म्हणायची. तुमच्या भावाच्या छापखान्यात संप झाला होता तेव्हा तुम्ही नि मी फाटकाबाहेर डबे घेऊन उभ्या होतो, आठवतं ना? मग मी काय मागे राहणार? दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवलाच नाही. चहाचा डबा मांडीवर घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले.

मुलगा आला. म्हणाला, आई, चहा? मी म्हटलं, संप आहे. म्हणाला, कुणाचा? मी म्हटलं, तुझ्या लेकीचा, आणि माझा तिला पाठिंबा आहे, मागणी मान्य होईपर्यंत ह्या घरात भांडं वाजणार नाही. इतक्यात सून दवाखान्यातली रात्रपाळी करून आली. (नर्सना उभं राहून राहून काय होतं ते त्यांच्या पायांनाच विचारा.) तिने कारणसुद्धा विचारलं नाही. "मीपण संपात," म्हणाली आणि जाऊन झोपली. मुलगा माझ्या मांडीवरच्या डब्याकडे बघत उभा, तेवढ्यात पोर आली. तिने सगळं ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. हसता हसता तिला बोलता येईना. संप म्हणजे म्हणे टाकीच्या खाली, कपाटात, दुसरी काचेची टाकी ठेवतात, तिचं नाव. वरचं पाणी खाली उतरतं, तिथे गाळून निघतं आणि पंपाने पुन्हा वर चढतं. आता पाण्याच्या पेटीला संप म्हणतात हे मला कुणी सांगायला नको का? बापही हसायला लागला. दोघं एकमेकांकडे बघून हसत होते, वन्सं. किती दिवसांनी हे मी बघत होते. डबा मी तरीही सोडला नाही. मुलगा म्हणाला, "बरं, मागणी मान्य. बोलाव तुझ्या मासेवालीला. आई, आता तरी डबा दे."

आणि म्हणून ही दोघं आली. लागतं काय काय ते ऐका. एक तो संप. त्यात एक फेस काढायचं नळकांडं, म्हणजे उकळत्या भांड्यावरची मळी आपण डावाने काढतो ना, तसं हे आपलं आपण काढत राहतं. पाणी वर चढवायला एक पंप, लाटा करायला दुसरा (लाटा नसल्या तर ह्या लोकांना करमत नाही). पाणी कोमट ठेवायची कांडी, निळा दिवा, पाण्याचा खारटपणा डोळ्याला लावून बघायची दुर्बीण, आणि वीज गेली तर बॅटरी. बॅटरीवर पंप आधी चालवायचा की बापाचा पंखा, ह्यावर घरात अजून एकमत नाही.

सगळी यादी झाली आणि घोडं अडलं जागेवर. हॉलमध्ये खिडकीचं ऊन येतं; लहान टाकी कोपऱ्यात भागली, मोठी उन्हात येईल, शेवाळ धरेल. पोरीची खोली म्हणजे पेटी, त्यात पलंगच कसाबसा मावलाय. भरलेली टाकी भारी किती, तर सोफ्यावर पाहुणे आणि पाहुण्यांच्या मांडीवर आणखी पाहुणे. वायरमनने भिंती ठोकल्या, मासेवालीने टेप लावली, आणि फिरत फिरत दोघं येऊन थांबली ती माझ्या खोलीत. ऊन नाही, खाली तुळई, विजेचं बटण हाताशी. कपाट इकडे सरकवलं की टाकी बरोबर बसते.

मुलगा म्हणाला, "नाही, आईची खोली नको. पंपाची घरघर दिवसरात्र चालणार, तिला आवाज सहन होत नाही." लगेच पोर म्हणाली, "नकोच. मी देते परत मासे." अगदी सरळ आवाजात म्हणाली, पण हॉलमधल्या टाकीकडे पाठ करून म्हणाली. मी तोंड उघडलं तर सून म्हणते, "तुम्ही बसा आई, कुणी हलवत नाही तुम्हांला." मी म्हटलं, मला चालेल. मुलगा म्हणाला, "तू तर होच म्हणणार." आता ह्याला काय म्हणायचं? नाही म्हटलं असतं तर लगेच खरं मानलं असतं. इतकी माया केली सगळ्यांनी की मला बोलायला जागाच उरली नाही. शेवटी ठरलं असं, की आत्याला विचारायचं, आई काय आहे ते तिला माहीत. तो बुधवारी फोन करील. तुमच्या शब्दापुढे तो जात नाही.

तुम्हांला योग्य वाटेल तेच सांगा. मी काही सुचवत नाही. नातीसाठी थोडी घरघर सोसली तर म्हातारीचं काय जातं, एवढंच माझं म्हणणं. कंबरेला शेक द्या.

तुमची वहिनी

ता. क. योग्य वाटेल ते सांगा असं वर लिहिलंय, ते राहू द्या. आवाजाचा तिला त्रास नाही, असंच सांगा. फोनवर तुम्हांला नीट ऐकू आलं नाही तरी हेच सांगा.

दुसरा ता. क. तुमच्या भावाच्या घोरण्याबद्दल मी जन्मभर कागाळ्या केल्या, तुमच्याकडे सगळ्यात जास्त. मुलाने त्याच ऐकल्यात, म्हणून तर तो असं म्हणतो. त्याला सांगा, बायका असं बोलतात. ते गेल्यापासून खोली इतकी गप्प झालीय वन्सं, की मला माझंच कुशीवर वळणं ऐकू येतं. दुपारी मी हॉलमध्ये टीव्हीपुढे बसते असं सगळ्यांना वाटतं. टीव्ही बंद असतो. टाकीचा पंप घरघरतो आणि माझा डोळा लागतो. म्हणजे वर नातीसाठी सोसण्याचं जे लिहिलंय तेही राहू द्या. टाकी मलाच हवी आहे. हे मात्र त्याला सांगू नका, तो रडेल आणि मग फरशीचं मोजमाप चुकेल.

तिसरा ता. क. पोरीचा मोडा मी आजच माझ्या खोलीत आणून ठेवलाय. मासेवाली आणि वायरमन गुरुवारी सकाळी येतो म्हणून गेलेत.