काठी दाराआड आहे

चिमणे,
माझ्या बीपीसाठी तू वर्षभराकरता घरी येणाऱ्या डॉक्टर ठरवल्यास, तेव्हा मी 'नसती थेरं' म्हणालो होतो. शब्द मागे घेतो. सोमवारी तू कामावर असताना डॉक्टरबाई तासभर बसल्या, गोळ्या मोजल्या आणि माझी चोरी पकडली. तू डबीत काढून ठेवलेली गोळी घेतल्यावरही, विसरलो असेन या धास्तीने मी पाकिटातली आणखी एक घेत होतो! चक्कर त्याचीच, वयाची नव्हे. आता त्याच रोज सकाळी फोन करून गोळी घेतली का ते विचारतात. चार दिवसांत एकदाही गरगरलं नाही.
बाईंना विचारून वाचनालयात चाललोय, एकटा. त्यांचा नंबर खिशात आहे. काठी पाहून घाबरू नकोस. विसरलो नाही, मुद्दाम ठेवून गेलोय.
— बाबा