मागे धरलेला हात

ता. ११, रविवार

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघे ठीक आहोत. तू आणि जावईबापू बरे असाल. माझा गुडघा पायऱ्या चढताना कुरकुरतो आणि उतरताना शिव्या देतो, बाकी तक्रार नाही. फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तू जाणतेसच. जन्मभर फळ्याकडे तोंड करून बोललेला माणूस मी. म्हणून पत्र.

बातमी अशी, की उतारवयात मी पुन्हा परीक्षक झालो आहे! खेळांच्या त्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेआधी मशाल गावोगाव फिरते ना, ती पुढच्या महिन्यात आपल्याकडूनही जाणार. ती कोणी कोणी न्यायची, हे ठरवायला समिती नेमली आहे. वाचनालयात वर्तमानपत्रांच्या खोलीत आम्ही बसतो. अध्यक्ष म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाई आणि आयोजकांकडून आलेला एक तरुण, जो घरातही टोपी काढत नाही. लोकांनी आपल्या पसंतीच्या माणसाविषयी चार ओळी लिहून पाठवायच्या होत्या. पोतंभर आल्या. निबंध तपासायचे, तर मास्तरच हवा!

काय एकेक मजकूर! पाववाल्याने स्वतःचंच नाव सुचवलं: 'मी गाव उठायच्या आधीपासून विस्तवाशी झटतो, मला भाजायची भीती नाही.' एका आजीबाईंनी आपल्या कुत्र्याचं नाव पाठवलं, वर 'तो तोंडात नीट धरील' अशी हमी. टोपीवाला म्हणाला, "मास्तर, हे बाद ना?" म्हटलं, "बाद करा, पण शुद्धलेखन चोख आहे, तेवढी नोंद घ्या."

मग बंबवाल्याची चिठ्ठी निघाली. आग विझवायच्या गाडीवर असतो तो. शाळेत तुझ्या मागच्या वर्गात होता, सदा नाक वाहणारा. आता दाराएवढा झाला आहे. त्याने लिहिलं होतं: 'खेळाच्या बाईंनी मला बुटाची नाडी बांधायला शिकवलं. घरी कोणी शिकवलं नव्हतं. बाईंनी हे वर्गात कोणाला कळू दिलं नाही.'

खेळाच्या बाई म्हणजे तुझी आई. मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. घरच्या माणसाचं नाव निघालं की परीक्षकाने उठावं, हे तर खरंच. शिवाय डोळ्यांनाही जरा काम होतं. आत बोलावलं तेव्हा तिचं नाव पक्कं झालं होतं, आणि बंबवाल्याचंही. आधी तो नेणार, मग ती.

तू विचारशील, तिला झेपेल का? अगं, चालणं अजून खणखणीत आहे. मशालीच्या वजनाची पाण्याची बाटली हातात धरून आम्ही व्हरांड्यात फेऱ्या घालतो. शाळेतल्या एखाद्या कवितेची पहिली ओळ मी म्हणतो, दुसरी ती म्हणते, आणि पावलं त्या ठेक्यावर पडतात. आठवतं ना, मी वर्गात कविता शिकवायचो आणि खिडकीबाहेर तिची शिट्टी नेमकी यतीच्या, ओळीत थांबायच्या जागी वाजायची? मुलांना वाटायचं, आम्ही ठरवून करतो. ओळी तिच्या एकही चुकत नाहीत. जरा विसरभोळी झाली आहे, एवढंच.

एवढंच नाही, भिंगरी.

परवा मैदानावर तालीम झाली. मशालीची रीत अशी, की मशाल ज्याची त्याच्याकडेच राहते, पुढे जाते ती ज्योत. दोघांनी समोरासमोर उभं राहून टोकाला टोक भिडवायचं. बंबवाला समोर आला. आईने मशाल माझ्याकडे दिली, त्याच्याकडे पाठ फिरवली, एक पाय पुढे टाकला, गुडघा वाकवला आणि उजवा हात मागे धरला, पंजा उघडा. रिलेतल्यासारखा. सकाळच्या सरावात पुढे ती उभी राहायची आणि मागून बॅटन घेऊन तू यायचीस, अगदी तशी.

टोपीवाला हसला. "काकू, इकडे बघा ना!"

"मागे बघायचं नसतं," ती म्हणाली. "बघितलं की पाय अडतो. भिंगरी येतेय माझी. 'घे' म्हणेल."

हात खाली घेईना. "बाई, मी आहे, मी," बंबवाल्याने म्हणून पाहिलं. शेवटी मी जाऊन हाताला धरलं, तर तिने झटकला. "सर, तुम्ही वर्गावर जा बरं. तुमच्या तासाची वेळ झाली."

ती थट्टा नव्हती. मी कोण, हे आता तिला ठाऊक नाही. शाळेतले कोणी एक सर, घरी येत-जात असतात, माणूस बरा आहे, इतकंच. फोनवर मी तुला 'आई झोपली आहे' म्हणतो ना, तेव्हा ती जागी असते.

नाव ठेवायचं की मागे घ्यायचं, हे समितीने माझ्यावर सोडलं आहे. सोबत घरचं एक माणूस चालू शकतं, असा नियम आहे. तू मागून येऊन न पेटवलेली मशाल तिच्या हातात दिलीस, तर ती वळेल आणि ज्योत घेईल, असं मला वाटतं. आंतरशालेय शर्यतीत तुझं बॅटन पडलं, त्यानंतर तुम्हा दोघींत काय बोलणं झालं आणि काय राहून गेलं, यात मी कधी पडलो नाही, आताही पडत नाही. पण हात तिने अजून मागेच धरला आहे.

येशील?

तुझे बाबा


ता. ६, मंगळवार

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझा निरोप पोचला. 'जमणार नाही, बाबा. तिला सांगा.' काय सांगायचं ते लिहिलं नव्हतंस, म्हणून काही सांगितलं नाही. रागावलो नाही हो.

नाव मागे घ्यायला मी वाचनालयात गेलोही होतो. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसत विचारलं, "मास्तर, त्या मागे बघत नाहीत ना?"

"नाही."

"मग मागे कोण उभं आहे, हे त्यांना कसं कळणार?"

कवितांचे अर्थ सांगण्यात जन्म गेला माझा, पण याचा अर्थ लागायला घरापर्यंतची वाट चालावी लागली.

रविवारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. पांढऱ्या कपड्यांत आई लहानखुरी दिसत होती. बंबवाला ज्योत घेऊन आला. तिने पाठ फिरवली, हात मागे धरला. मी मशाल घेऊन मागे जरा लांब उभा होतो. पळालो. तुझा बाप, भिंगरी, जो बस सुटत असली तरी पळत नाही! लोक हसले असतील. जवळ येताच ओरडलो, "घे!"

पंजा मिटला, घट्ट. मागे न बघता ती म्हणाली, "आवाज बसलाय गं तुझा. गार पाणी प्यायलीस ना?" मग तशीच, पुढे बघत, "पडलं नाही बघ. शाब्बास. त्या दिवशीही तुझं नव्हतं चुकलं, भिंगरे. पुढची मुलगीच आधी सुटली. मी बघितलं होतं."

मग ती वळली आणि बंबवाल्यासमोर मशाल धरली. ज्योत आली. त्याचा चेहरा पार भिजला होता, आगीचा माणूस असून. आई अगदी ताठ चालली. पहिल्या ओळी मी म्हटल्या, दुसऱ्या तिने.

घरी आल्यावर बूट काढताना विचारते, "कुठे गेलो होतो हो आपण, सर?" सांगितलं. नवल वाटलं तिला. त्या शर्यतीचं हळूच काढून पाहिलं, तर म्हणाली, "कुठली शर्यत?" काल पुन्हा विचारलं. आज विचारलं नाही.

म्हणजे ते बोल आता माझ्या एकट्यापाशी उरले आहेत, आणि माझं वय तू जाणतेस. ते माझे नाहीत. मी तुझ्या जागी उभा होतो, म्हणून माझ्या हातात आले. किती वर्षं तिने ते बाळगले आणि का दिले नाहीत, हे विचारायला आता कोणी नाही. मी फक्त पुढे देतो आहे. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, मागे बघायचं नसेल तर बघू नकोस. तिनेच शिकवलं आहे तसं. नुसता हात मागे कर, भिंगरी.

घे.

तुझ्या आईचे सर,
तुझे बाबा